काटकोन

स्वयंपाकघर काही केल्या बंद होत नव्हतं. चार भिंतींच्या चार रेषा मिनलनं कॉम्प्युटरवर काढल्या होत्या, पण चौथी रेषा पहिलीला जाऊन भिडतच नव्हती. मधे वीतभराची फट राहत होती.

पॉलिटेक्निकच्या कॅड लॅबमध्ये त्या दिवशी सगळ्यांचे आपापल्या घरांचे नकाशे चालले होते. सुमंत सरांनी काम तसंच दिलं होतं: स्वतःचं घर टेपनं मोजा आणि जसं आहे तसं काढा. शेजारी बसलेल्या हर्षितनं मान वाकडी करून तिच्या स्क्रीनवर पाहिलं. ऑर्थो चालू कर, म्हणाला, म्हणजे रेषा सरळच जाईल. घरं काय, सगळी चौकोनीच असतात. मिनलनं बटण दाबलं. भिंत सुतासारखी सरळ झाली, कोपरा काटकोनात मिळाला आणि घर एकदम मोठ्या बिल्डरनं बांधल्यासारखं दिसू लागलं. तिला ते फार आवडलं.

सरांना नाही आवडलं. त्यांनी तिची मापं ताडून पाहिली. मागची भिंत पुढच्या भिंतीपेक्षा आखूड आहे, मग कोपरा काटकोनात आला कसा, असं त्यांनी विचारलं. मग आवाज न चढवता ते म्हणाले, "नकाशा घराला सरळ करत नसतो, मिनल. पुन्हा मोज. या वेळी खोलीचे कर्णही घे."

रविवारी सकाळी हुडकेश्वरच्या घरात टेपचं दुसरं टोक तिच्या वडिलांनी धरलं. रुपराव हिंगण्याच्या कारखान्यात आठवडाभर शिफ्ट करायचे आणि रविवारी उशिरापर्यंत झोपायचे. पण लेकीच्या कॉलेजचं काम म्हटल्यावर दाढी करून तयार होते. हे घर त्यांनी मिस्त्रीच्या बरोबरीनं विटा उचलून बांधलं होतं. कोणी पाहुणा आला की भिंतीवर थाप मारून दाखवायची त्यांची सवय होती.

मापं तीच आली. बाहेरची भिंत मागच्या कोपऱ्यापर्यंत जाता जाता तिरपी आत आली होती. त्या कोपऱ्यात फ्रिज मावत नाही म्हणून तो पुढच्या खोलीत टीव्हीच्या बाजूला उभा असायचा, आणि मैत्रिणी आल्या की मिनलला त्याची लाज वाटायची. आता तिला कारण सापडलं. बाबांच्या हातून चूक झाली होती. तिला राग आला नाही, पण भिंतीवर थाप मारणाऱ्या या माणसाला हे सांगायचं कसं?

"बाबा, हा कोपरा जरासा... काटकोनात नाही आहे."

"नाहीच हाये," रुपराव शांतपणे म्हणाले. "चाल, बाहेरूनही माप घेऊन घे."

बाहेर त्यांची भिंत आणि शेजारचं कंपाउंड यांच्यामधून एक चिंचोळा बोळ मागे जात होता आणि घराच्या मागच्या कोपऱ्याशी वळत होता. भिंतीच्या कोपऱ्याला टेप लावून बापलेक वाकले होते, तेवढ्यात मागच्या घरातली अंजनाबाई भाजीचा ठेला ढकलत आली. वळणावर येऊन तिनं टेप पाहिली आणि जागीच थांबली. तिचा चेहरा उतरला.

"रुपरावभाऊ, भिंत सरळ करून राहिले का?" तिनं विचारलं. आणि ते काही बोलायच्या आत म्हणाली, "करा बाप्पा, जागा तुमचीच हाये. फक्त मले आधी सांगजा. ठेला मंग चौकातच ठेवा लागन."

रुपरावांच्या हातून टेप सुटली.

"नाही वं बाई. पोरीचं कॉलेजचं काम हाये," ते घाईघाईनं म्हणाले. मग मिनलकडे वळून, जरा ओशाळून, त्यांनी सांगितलं. विटांचा पहिला थर लागला त्याच दिवशी अंजनाबाईचा ठेला या वळणावर अडकला होता. मागे घेतला, पुढे घेतला, तिरपा केला, तरी निघेना. मिस्त्री म्हणाला, आपण आपल्या जागेत बांधून राहिलो, दुसऱ्याच्या ठेल्याचं आपण काहून पाहावं?

"मग तुम्ही भिंत आत घेतली?"

"मी कायले घेतो? मी तं मिस्त्रीच्याच बाजूनं होतो." रुपरावांनी खिडकीकडे बोट केलं. "तुह्या आईनं थर काढाले लावला."

स्वयंपाकघराच्या खिडकीत मिनलची आई वच्छला उभी होती. तिनं सगळं ऐकलं असावं. कोथिंबीर निवडता निवडता ती एवढंच म्हणाली, "फ्रिज काय, कुठंही राहते."

मिनलनं खाली पडलेली टेप उचलली, एक टोक बाबांच्या हातात दिलं आणि अंजनाबाईला म्हणाली, "मावशी, नकाशात मी हा बोळही काढणार आहे. तुमच्या ठेल्याचंही माप घेऊ द्या."

कॉलेजच्या नकाशात भाजीच्या ठेल्याचं काय काम, ते अंजनाबाईला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. ठेल्यावरून खाली लोंबणारी मेथीची जुडी तिनं आत सरकवली. रुपराव टेपचं टोक घेऊन चाकाशी बसले. आणि फोटो काढताना राहतात तशी, पदर सारखा करून, अंजनाबाई ठेल्याच्या बाजूला ताठ उभी राहिली.