मिठाचा ट्रक आणि नवी गाडी

सुज्ञ वाचकहो, नव्या गाडीला गंजापासून वाचविण्यासाठी एका गृहस्थाने कोणती युक्ती योजिली आणि तिचे फळ काय मिळाले, तो वृत्तान्त येथे नम्रपणे सादर करीत आहे.

कॅनडातील केबेक प्रांतात आमच्या गावी रेजाँ हे बावीस वर्षे नगरपालिकेचा ट्रक चालवून बर्फ वितळून गाड्या घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर मीठ टाकीत आले होते. मीठ गाडीचा पत्रा कसे खाते, हे त्यांच्याइतके कुणास ठाऊक नव्हते. यंदा त्यांनी आयुष्यातील पहिली कोरी करकरीत गाडी घेतली.

"बर्फ पडायच्या आत खालून गंजरोधक तेल मारून घे," पत्नी युगेत म्हणाली.

"त्या चिकट तेलाने माझी राणी माखायची? अगं, आठ दिवस ठिबकत बसेल! आपल्या घरापुढच्या उतारावर मीठ टाकतो कोण? मीच ना? मग नाही टाकणार!"

पहिल्या हिमवर्षावाच्या सकाळी रेजाँनी साऱ्या गावात मीठ टाकले, आपल्या घरापुढचा उतार तेवढा वगळला. दुपारी ते ऐटीत गाडी घेऊन निघाले आणि गाडी घसरत, गिरक्या घेत खालच्या बर्फाच्या ढिगात रुतली. ओरखडा एकही उमटला नाही, परंतु चाके जागच्या जागी फिरू लागली. अखेर सहकारी गाएताँ याला ट्रकसह बोलवावे लागले. त्याने हसत हसत गाडीखाली, पुढे, मागे अर्धा ट्रक मीठ ओतले.



खिडकीतून युगेत ओरडली, "पुरलं का रे? की स्वयंपाकघरातली बरणी आणू?"

वाचकांचे मनःपूर्वक आभार.
आपला नम्र,
वसंत धोंडू पारकर