फोटो क्रमांक एकतीस

अंबरीश सरांनी दिपालीच्या देखत तिनं लिहिलेलं फोटोचं वर्णन खोडलं आणि त्या जागी छापील मथळाच पुन्हा चिकटवला.

"उद्या कलेक्टरसाहेबांसमोर मशीन हे वाचून दाखवणार का?" ते म्हणाले. "पंचवीस वर्षांनी गावात भांडणं लावायची आहेत?"

दिपालीचे कान तापले होते.

लातूरच्या त्या चार मजली क्लासेसमध्ये ती कॉम्प्युटरचं काम करायची. खालच्या तीन मजल्यांवर डॉक्टर व्हायला आलेली पोरं, वर ऑफिस. क्लासेस अंबरीश सरांचे. भूकंपात मदतछावणी चालवणारी संस्था त्यांच्या वडिलांची. भूकंपाला पंचवीस वर्षं होत होती, म्हणून संस्थेचा जुना छापील अहवाल वेबसाइटवर चढवायचा होता; दुसऱ्या दिवशी कलेक्टर त्याचं उद्घाटन करणार होते. देणगीदारांची एकच अट होती : तो अंधांनाही पूर्ण वाचता आला पाहिजे. म्हणजे प्रत्येक फोटोमागं वर्णन लिहायचं. ते पानावर दिसत नाही, पण अंध माणसाचा कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचतो.

पानं तपासून मंजुरीची सही करायला नांदेडहून रेणुकादास सर आले होते. साठीचे, दोन्ही डोळ्यांनी अंध, अंध मुलांना कॉम्प्युटर शिकवणारे. शेजारच्या केबिनमध्ये हेडफोन लावून बसत आणि पान पसंत पडलं नाही की टेबलावर हात आपटत. पहिल्या आठवड्यात दिपालीनं वर्णनाच्या जागी मथळेच टाकले, तर त्यांनी तीस पानं परत पाठवली.

"मथळा मला ऐकू येतो, बाई. फोटोत काय दिसून राहिलं ते लिही. दिसतं तेवढं सगळं."

त्या दिवशी ती संतापानं रडली होती. मग मात्र नीट बघायला शिकली. आणि एकतीस नंबरचा फोटो समोर आला.

मथळा होता : 'पाणीवाटप. संकटात सारं गाव एका रांगेत.'

दिपालीनं लिहिलं होतं : 'टँकरपाशी बायकांची रांग. त्यांच्या हातात घागरी. मधे दोरी बांधलेली आहे. दोरीच्या अलीकडे पाच बाया जमिनीवर बसल्या आहेत. एक माणूस बादली उंच धरून त्यांच्या भांड्यांत वरून पाणी ओततो आहे. बादली भांड्याला लागू नये म्हणून तो वाकलेला नाही. पहिल्या बाईचं नाव सरजाबाई.'

सरजाबाई म्हणजे दिपालीची आई. फोटोत ती विशीतली होती. दिपालीनं मोबाइलवर तो फोटो घरी नेऊन दाखवला, तेव्हा आईनं दोरीवर बोट ठेवलं.

"घरं समद्यांची सारखीच पडली," ती म्हणाली. "तुझी आजी ढिगाऱ्यात गेली. पाटलाची सून बी गेली. दोन दिवस कुणी कुणाला शिवत व्हतं का न्हवतं, कुणाला सुद न्हवती. तिसऱ्या दिशी दोरी आली."

हे सगळं अंबरीश सरांनी एका बोटानं खोडलं होतं.

शेजारच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटला. रेणुकादास सर भिंतीचा आधार घेत बाहेर आले.

"एकतीसचं वर्णन कुठंय?"

"मथळ्यात सगळं आलंय, सर," अंबरीश सर म्हणाले. "फोटोत दुसरं काही नाहीच."

"दोरी कुठं गेली?"

अंबरीश सर गर्रकन दिपालीकडे वळले. "तू ह्यांना सांगितलंस?"

"न्हाई, सर."

"तिनं काही सांगितलेलं नाही," रेणुकादास सर म्हणाले. "दोरी आणि बादली त्या पानात येईपर्यंत मी सही करत नाही. उद्या कलेक्टरांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

अंबरीश सर खुर्ची ढकलून निघून गेले. दार इतक्या जोरात आपटलं की खालच्या वर्गातला आवाज क्षणभर थांबला.

दिपालीनं वर्णन पहिल्यापासून पुन्हा टाइप केलं. तिला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"सर, पहिली बाई माझी आई हाय," ती म्हणाली. "पर तुमाला दोरीचं कुणी सांगितलं?"

रेणुकादास सर हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

"माझे डोळे काचबिंदूनं गेले. भूकंपानंतर दहा वर्षांनी," ते म्हणाले. "छावणीत संस्थेचा कॅमेरा माझ्याच गळ्यात होता. हा फोटो मी काढला. अंबरीशचे वडील म्हणाले, देणगीदार वाचतील, चांगलं काही लिही. मथळा मी लिहिला."

दिपालीचे हात थांबले.

"तवा तुमाला दिसत व्हतं?"

"हाव. तुला आता दिसतंय तेवढंच. रोज दिसत होतं. ती दोरी सोडायला मला कुणी अडवलं नव्हतं. इतकी वर्षं वाटायचं, कुणीतरी तो फोटो नीट बघावा आणि लिहावं. तू लिहिलंस. आता तेवढा तो मथळा काढून टाक, पोरी."

दिपालीनं पडद्याकडे बघितलं. अठ्ठेचाळीस वर्षांचं आयुष्य काढलेली तिची आई तिथं विशीत बसली होती, भांडं पुढं करून.

"न्हाई सर, मथळा तिथंच ऱ्हाईल," ती म्हणाली. "त्याच्याखाली लिहिणाऱ्याचं नाव घालायचंय. तुमचं पूर्ण नाव सांगा."