कापसाचा बोळा

दातांचा डॉक्टर भारी बोलका. मावशीच्या दाढेशी झटापट करता करता त्याने गाऱ्हाणं सुरू केलं, "मावशी, रोज अर्धा तास देवाशी बोलतो, पण तो हूं की चूं करत नाही. असं का गं?"

मावशीने तोंडातला बोळा काढून फेकला. "प्रश्न विचारतोस आणि तोंडात कापूस कोंबतोस! देवालाही असंच विचारत असशील."

दुसऱ्या दिवशी तो प्रार्थनेला बसला, पण गप्प. आधी संपत आलेला कापूस आठवला, मग खुर्चीची कुरकुर. आणि मग एकदम डोळ्यांपुढे आल्या त्या खुर्चीच्या हातांवर घट्ट आवळलेल्या मावशीच्या मुठी.

पुढच्या खेपेला त्याने हत्यारं बाजूला ठेवून मावशीचा हात हातात घेतला. "मागच्या वेळी किती धीराने बसलीस गं! आज दुखलं तर नुसतं बोट हलव, मी लगेच थांबेन."

साऱ्या घराला धाकात ठेवणारी मावशी चपापली. "मी घाबरते हे तुला कोणी सांगितलं?"

त्याने बोट वर केलं.

मावशीने हसून तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. "एकट्या त्यालाच सांगितलं होतं रे! आणि तू म्हणतोस, तो बोलत नाही? त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही!"