निर्जळी

“तहान मारू नकोस गं. घोटघोट का होईना, पाणी पीत राहा.” आई हे म्हणाली तेव्हा तिच्या दोन्ही किडन्या गेलेल्या होत्या. तिने जन्मभर बंदराच्या धक्क्यावर झाडू मारला होता. लेकीने तिचा हात धरून वचन दिलं होतं.

आता लेक त्याच धक्क्यावर क्रेन चालवत होती आणि ते वचन रोज मोडत होती. पुरुषांची मुतारी क्रेनच्या पायथ्याशीच होती. बाईची सोय मात्र पार त्या टोकाला, साहेबांच्या इमारतीत. ती खाली उतरली की जहाजाचं काम थांबायचं आणि फोरमन सगळ्यांदेखत विचारायचा, “पुन्हा?” म्हणून घरून भरून आणलेली बाटली ती तशीच परत न्यायची. तिचा हा निर्जळी उपास कुठल्याच देवाने मागितला नव्हता.

क्रेनजवळ बायकांसाठी सोय करा, असा अर्ज तिने दिला होता. आज बंदर समितीने तिला साहेबांच्या त्या इमारतीत बोलावलं. प्रत्येक साहेबापुढे पाण्याचा पेला झाकून ठेवलेला होता.

“ताई, क्रेनवर बाई म्हणजे तुम्ही एकट्या,” अध्यक्ष म्हणाले. “एकीसाठी बांधकाम काढायचं?”

“माझ्या आईलाही हेच सांगितलं होतं, साहेब.”

“अहो, इथे आहे की सोय. येत जा. कोणी अडवलंय तुम्हाला?”

“मी उतरले की जहाज थांबतं.”

“थांबू दे हो. असं कितीसं थांबणार?” ते हसले. मग बाकीचेही हसले.

“बरं,” ती म्हणाली.

ती पुन्हा क्रेनवर चढली. बाटली उघडली आणि तळापर्यंत प्यायली. मग कामाला लागली. काही वेळाने तिने क्रेनने उचललेला कंटेनर ट्रकवर नीट टेकवला, ब्रेक लावला आणि वॉकीटॉकी उचलला.

“फोरमनदादा, खाली येतेय.”

“आत्ता? अगं, ट्रकांची रांग लागलीय. पुन्हा काय काढलंस?”

“मी नाही काढलं. अध्यक्षसाहेब म्हणालेत, येत जा.”

ती शिडी उतरली. जहाजाच्या कठड्यावरून कप्तान वाकून बघत होता. ट्रकवाले हॉर्न देत होते. ती कोणाकडे न बघता, सावकाश त्या टोकाकडे चालू लागली.

रिकामी बाटली तिने बरोबर घेतली होती. समितीच्या दारातच पिण्याच्या पाण्याचा नळ होता. येताना ती भरून आणायची होती.