तंबूत दोघी

महिनाभर ट्रकनं फिरायचं आणि तंबूत राहायचं, अशा सहलीची दोन तिकिटं सुनेनं स्वतःसाठी आणि नवऱ्यासाठी काढली होती. ऐनवेळी त्याची रजा नामंजूर झाली आणि त्याच्या जागी सासूबाई ट्रकमध्ये चढल्या. सुनेनं कपाळाला हात लावला. जुन्या राजधानीच्या गल्ल्यांत सासूबाई दोनदा हरवल्या, घाटात त्यांना गाडी लागली. पण डोंगरात थंडीनं सुनेचे दात वाजू लागले, तेव्हा त्यांनी आपलं पांघरूण तिच्यावर टाकलं आणि 'मला उकडतंय' अशी चक्क थाप मारली. वाळवंटाच्या तोंडाशी विमानतळ असलेलं शेवटचं शहर लागलं. तिथं दोघी तंबू ठोकत असताना नवऱ्याचा फोन आला. सुनेनं तो स्पीकरवर टाकला. "रजा मिळाली! आईला उद्याच्या विमानात बसव, मी तिकडे येतो. वाळवंट तिला कुठं झेपणार?" सासूबाईंनी हातातला हातोडा सुनेपुढे धरला. "हा त्याला दे. खुंटी तिरकी ठोक म्हणावं, सरळ ठोकली की वाऱ्यानं उपटते." सुनेनं हातोडा घेतला नाही. "अरे, पुढच्या वर्षी आपण दोघं जाऊ," ती फोनवर म्हणाली, "या वेळी आम्ही दोघी आहोत. वाळवंट बघितल्याशिवाय आई परत येणार नाहीत." "काय?" पलीकडून नवऱ्यानं विचारलं. "अगं, माझ्या लेकाला असं तोडून बोलतेस?" सासूबाईंनी तिला दटावलं. मग फोनजवळ सरकून त्या म्हणाल्या, "पुन्हा एकदा सांग. त्याला नीट ऐकू आलेलं दिसत नाही."