पितळी गिअर

अंबादासनं खिशातला रुमाल सोडून गिअर काढला आणि ओट्यावर ठेवला. दर वेळी असायचा तसा पांढऱ्या नायलॉनचा नव्हता, चक्क पितळेचा होता. कडेला पंच मारून साल ठोकलं होतं, ८७.

"हा तुटायचा नाही, बाई," तो म्हणाला. "रिटायर व्हायच्या आधी लेथवर शेवटचं काम हेच केलं."

सुलक्षणानं गिअर उचलला आणि परत ओट्यावर ठेवला. पावाचं पीठ मळायचं हे मशीन तिच्या भावानं मस्कतहून आणलेलं. त्यातला नायलॉनचा गिअर तीन-चार महिन्यांनी तुटायचा आणि विक्रोळीच्या कारखान्यातला हा फिटर नवा बनवून रविवारी मुलुंडला हजर व्हायचा. सहा वर्षं हेच चाललं होतं. अख्खी बिल्डिंग त्याला अंबादासभाऊ म्हणायची. हिनं मात्र त्याच्या नावाला 'भाऊ' कधी चिकटवलं नाही. शिवाय गिअर आपला आपण तुटत नव्हता. शाळेत मुलांना मापं शिकवणारी ही बाई घरी पिठात मोजून पाणी कमी घालायची.

"नायलॉनचाच बसवा ना," ती म्हणाली. "मशीनला सवय झालीय त्याची."

"आणि बदलायला कोण येणार? परवा मी गावी चाललो, बीडला. कायमचा."

त्यानं गिअर बसवला, ग्रीस लावलं, झाकणाचे स्क्रू आवळले. मग स्वतःच भांड्यात मैदा आणि यीस्ट घातलं, पाण्याची वाटी काठोकाठ भरली आणि ओतली. मशीन एका लयीत फिरू लागलं.

"आता पीठ घट्ट झालं तर गिअर तुटणार नाही, मोटर जळेल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पाणी पुरतं घालत जा."

याला कधीपासून ठाऊक होतं, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं.

"पाव होईपर्यंत तरी थांबा."

"नको बाई. सामान बांधायचंय."

संध्याकाळी तिनं पाव कापला. सुरी अलगद खाली उतरली. इतका मऊ पाव तिच्या हातून कधी झाला नव्हता. सहा वर्षं तो तिचा वातड पाव चहात बुडवून खात आला होता, आणि दर वेळी आणखी एक तुकडा मागून घेत होता.