पिठलं-भात

दार उघडताच खालच्या मजल्यावरच्या दमयंतीकाकूंनी नलूला जवळ घेतलं. "धीर धर गं बाई," म्हणत त्यांनी पिठलं-भाताचा डबा पुढे केला. माणूस गेलेल्या घरी शेजारी नेतात, अगदी तसा.

"अहो, पण झालंय काय?"

"परवा शशिकांतला हॉस्पिटलात नेलंत, आणि तेव्हापासून घोरणं बंद! आम्ही काय समजायचं?"

"काकू, ह्यांचा झोपेत श्वास अडकायचा, म्हणून घशाचं ऑपरेशन केलं. कालच घरी आणलंय. घोरणंही त्यातच गेलं!"

तेवढ्यात आतून चमचा घेऊनच शशिकांत आला. आइस्क्रीमला विटलेल्या त्या जिवाने मऊ पिठलं-भात चाटूनपुसून फस्त केला. बोलायची बंदी, म्हणून पाटी ओढून लिहिलं, 'तेराव्याला काय आणणार, विचार त्यांना.'

काकू पदरात तोंड लपवून हसल्या. नलूही हसली, पण हसता हसताच तिने पाटी पुसली, आणि पुन्हा एकदा पुसली.